आत्याला कबूल केलेलं सोनं

आमच्या घरात सोनं होतं, पण ते कुणाच्या अंगावर नव्हतं. आईचं म्हणाल तर मंगळसूत्र आणि कानातल्या लहानशा कुड्या, संपलं. बाकीचं सोनं अण्णांच्या लोखंडी कपाटात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, कापसावर निजवलेलं असायचं. तेही दागिन्यांच्या रूपात नाही. अमेरिकेतली नाणी होती ती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि प्रत्येक नाणं पत्त्याच्या पानाएवढ्या आकाराच्या, जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये कायमचं कोंडलेलं. वरच्या बाजूला आत बसवलेली छापील चिठ्ठी. तिच्यावर साल, नाण्याची मूळ किंमत आणि एक नंबर. तिकडे म्हणे अशा कंपन्या असतात ज्यांचा धंदाच हा. नाणं खरं आहे का, किती झिजलंय, कुणी घासूनपुसून चकचकीत तर केलं नाही ना, हे भिंगाखाली बघायचं, सत्तरपैकी मार्क द्यायचे, तोच तो नंबर, आणि सील करून टाकायचं. सील तुटलं की मार्क गेले, मग उरलं नुसतं वजनाचं सोनं. हे सगळं मला अजून घडाघडा येतं, कारण घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अण्णा ते सांगत आणि त्या वेळी चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मी असे.

माझे वडील, म्हणजे अण्णा, श्रीरामपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होते. रसाची गोडी, मळीतली साखर, पांढरेपणा, दाण्याचा आकार, सगळं त्यांच्या सहीनं ठरायचं. दरवर्षी साखरेच्या ग्रेडचे नमुने सीलबंद काचेच्या बाटल्यांतून यायचे. त्या बाटलीशेजारी आपली साखर धरायची आणि ग्रेड ठरवायची. नमुन्याची बाटली कधी उघडायची नाही. उघडली, हवा लागली, की ती नमुना राहिली नाही. एकदा एका नवीन पोरानं बाटलीच्या बुचावरची लाख खरवडून पाहिली तर अण्णांनी त्याला दोन दिवस लॅबच्या दारात उभं केलं होतं. असा माणूस नाण्यांच्या नादाला लागला तर तो सीलबंद नाण्यांच्याच लागणार. जुन्या बाजारातली, मातीतून निघालेली, शिवकाळातली नाणी जमवणारे लोक आमच्याकडेही होते. अण्णा त्यांना नाकं मुरडायचे. "कुणी पाहिलंय ते खरं आहे का? कुणी लिहून दिलंय?" असं म्हणायचे. कुणीतरी तटस्थ माणसानं लिहून दिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे, आमच्या तापावरसुद्धा. थर्मामीटर लावल्याखेरीज आम्ही आजारी नसायचो.

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. हंगाम सुरू झाला की दिवसरात्र एक घरघर चालू राही, इतकी की मार्चनंतर ती थांबली की कान दुखायला लागत. उसाच्या गाड्यांची रांग आमच्या खिडकीपर्यंत यायची, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, टायरगाड्यांची करकर, गाडीवानांच्या शिव्या. पाळी बदलताना भोंगा व्हायचा आणि आई त्यावर कुकर लावायची. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बगॅसची, म्हणजे बॉयलरात जळणाऱ्या उसाच्या चिपाडाची, काजळी बसे. मळीचा वास तर असा, की पाहुणे पहिले दोन दिवस नाकाला पदर लावून जेवत आणि तिसऱ्या दिवशी तो वास कुठे गेला म्हणून विचारत. मला आजही, पुण्यात, कुठे गुळाचा पाक जळाला तर मी खिडकी लावून घेते. जिल्ह्याचं नाव बदललं, माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, आणि नगर म्हटलं की पहिल्यांदा तो वासच येतो.

त्या घरात आमची आत्या होती. अण्णांची मोठी बहीण. ते तिला आक्का म्हणत. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली ही माणसं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी नाव टाकलं. ती माहेरी आली आणि धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. अण्णा पुण्याला शिकायला निघाले तेव्हा तिनं आपली बोरमाळ मोडली. हे आम्हाला तिनं कधी सांगितलं नाही. गावाकडचे नामदेवतात्या, अण्णांचे चुलतभाऊ, दर खेपेला सांगत, आणि ती तिथून उठून जाई. मला आठवते ती तिची उघडी मान. नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला, काळीभोर, सुरकुतलेली मान, आणि तिच्यात काहीही नाही, काळा दोरासुद्धा नाही. आईनं एकदा तिला सोन्याचे चार मणी ओवून घ्यायला सुचवलं तर म्हणाली, "नगं बाई, गळ्याला सवय न्हाई राह्यली, टोचंल."

तिचं स्वयंपाकघरातलं राज्य वेगळं होतं. आई गव्हाच्या पोळ्या करी, आत्या बाजरीच्या भाकरी. हुलग्याचं शेंगोळं तिच्यासारखं कुणाला जमलं नाही. लसूण आणि मिरची पाट्यावर वाटायची, मिक्सरला हात लावायची नाही. तो पाटा घासतानाचा आवाज सकाळच्या भोंग्याच्या आधी यायचा. बोलायला फटकळ. शेजारच्या लेखापालांच्या बायकोनं नवीन केबलवरच्या मालिकेचं कौतुक केलं की ती विचारी, "त्यातली बाई कदी भांडी घासती का गं?" अण्णांच्या समोर मात्र तिचा सूर बदलायचा. अण्णा टाय लावून लॅबला निघाले की ती दारापर्यंत जाई आणि सायकलवरून ते वळणाआड होईपर्यंत उभी राही. माणूस पन्नाशीला आला होता, तरी तिच्या लेखी तो अजून पाटी घेऊन शाळेला चाललेला होता.

नाणी आणायचा तो मधूकाका. अण्णांचा कॉलेजचा मित्र, अमेरिकेत नोकरीला. वर्षादोनवर्षांनी डिसेंबरात यायचा, आमच्याकडे मुक्काम करायचा आणि बॅगेतल्या मोज्यांमधून एक सीलबंद नाणं काढायचा. आधी एसटीडी बूथवर जाऊन अण्णांनी त्याच्याशी कुठलं साल, कुठला नंबर, हे सगळं ठरवलेलं असे. मीटरचे आकडे पळत असायचे आणि अण्णा ओरडून विचारत असायचे, "एकसष्ट की बासष्ट?" बूथवाल्याला वाटायचं कुणाचा दहावीचा निकाल लागलाय. नाणं हातात आलं की अण्णा खिडकीशी जात, लॅबचं भिंग लावून बघत आणि मग आम्हाला एकेकाला दाखवत. मोठ्या नाण्यावर मशाल घेऊन चाललेली बाई होती, मागे सूर्याचे किरण. सगळ्यात लहान नाणं चार आण्याएवढं, त्यावर पिसांचा टोप घातलेल्या एका माणसाचा चेहरा. तो चेहरा उठावाचा नव्हता, आत खोल गेलेला होता. अण्णांचं सगळ्यात लाडकं ते.

आत्यालाही तेच आवडायचं. आत गेलेला चेहरा तिला बोटानं चाचपून बघायचा होता. ती अंगठा प्लास्टिकवरून फिरवी आणि म्हणे, "दिनू, ह्ये सोनं हाय का सोन्याचा फोटू?" अण्णा हसायचे आणि तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचे, सत्तरपैकी बासष्ट मार्क आहेत म्हणून. ती म्हणायची, "म्हंजी पास झालंय." दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आई नाणी ताटात मांडायची, ती प्लास्टिकसकट. आई त्यावर हळदकुंकू वाहायची आणि आरती संपता संपता अण्णा ओल्या कापसानं ते पुसून घ्यायचे, चिठ्ठीच्या फटीत कुंकू जाऊ नये म्हणून. आई धुसफुसायची, आमच्या घरची लक्ष्मी रेनकोट घालून बसते म्हणायची. आम्ही सगळे हसायचो. तेव्हा ते सगळं हसण्यावारीच होतं, हे मला इथे लिहून ठेवलं पाहिजे.

तशाच एका दसऱ्याला, जेवणं झाल्यावर, अण्णा डबा उघडून बसले होते. आपट्याची पानं सगळीकडे पडलेली. आत्या भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. बोलता बोलता ती म्हणाली, की बाकी काही नको, पण मरताना तोंडात कणभर सोनं तेवढं पडू दे. गावाकडे एक म्हातारी सोन्यावाचून गेली म्हणून तिच्या मुलांना लोक अजून नावं ठेवतात, असंही सांगत होती. आमच्याकडे ही रीत सगळ्यांना ठाऊक असते. जीव जायच्या वेळी तुळशीचं पान, गंगेचं पाणी आणि सोनं. हल्ली दुकानात त्या सामानाबरोबर कागदाच्या पुडीत सोन्याचा टिकला मिळतो, फुंकर मारली तर उडेल असा. तेव्हा घरातल्याच कुणाच्या तरी अंगावरचं घालायचे. अण्णांनी ते लहान नाणं उचललं, दिव्यापाशी धरलं आणि म्हणाले, "आक्का, कणभर कशाला? हे अख्खं घालतो तुझ्या तोंडात. अमेरिकेचं सोनं. नव्वद टक्के शुद्ध."

"आन् ऱ्हायल्यालं धा टक्के?" आत्यानं विचारलं.

"तांबं."

"बरं हाय. तांबं पोटाला चांगलं." मग अडकित्ता खाली ठेवून तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "शबुद दिलास बरं का दिनू. मी इसरनार न्हाई."

अण्णा म्हणाले, दिला. आणि त्यांनी तो खरोखर दिला होता. थट्टेत सुरू झालं होतं, पण त्या क्षणी ते मनापासून बोलले होते, मी त्यांचा चेहरा पाहिलाय. पुढच्या दिवसांत आत्यानं ही गोष्ट कॉलनीभर केली. पाण्याच्या टाकीपाशी, दळणाच्या रांगेत, भाजीवाल्याला. माझा भाऊ माझ्या तोंडात अमेरिकेचं सोनं घालणार आहे. तिची उघडी मान जरा ताठ झाल्यासारखी वाटायची. तिला मरायची घाई होती असं नाही, पण आपल्या मरणाला काहीतरी शोभा असणार आहे या गोष्टीनं ती खूश होती. गावाकडेही तिनं निरोप पाठवला. नामदेवतात्या पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनी ते नाणं मुद्दाम बघायला मागितलं.

पुढच्या वर्षी गाळप सुरू झालं आणि तिची छाती भरली. दमा आधीपासून होता. मोठ्या दवाखान्यात ठेवलं, मग तिथल्या डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. बाहेरच्या खोलीत तिची कॉट टाकली. कॉलेजला जाताना मी तिच्या पायाला हात लावायची, ती डोळ्यांनी विचारायची, डबा घेतलास का. शेवटच्या दिवशी सकाळीच तिनं बोलणं बंद केलं. अण्णांनी लॅबला चिठ्ठी पाठवली आणि तिच्या उशाशी बसले. दुपारपर्यंत नामदेवतात्या एसटीनं आले. कॉलनीतल्या बायका आल्या, लॅबमधली दोन माणसं दारात चपला काढून उभी राहिली. खोली भरून गेली. ऊन कलत होतं, पाळीचा भोंगा झाला, आणि त्या आवाजाबरोबर आत्याच्या श्वासाची लय बदलली. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी घाला आता.

आईनं तांब्याच्या गडूतलं गंगेचं पाणी आणलं, तुळशीचं पान आणलं. तात्या म्हणाले, सोनं. आईचा हात लगेच कानाकडे गेला. अण्णांनी तिला थांबवलं. "थांब, मी आणतो. मी कबूल केलंय," म्हणाले, आणि आत गेले. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. खोलीत एक प्रकारचं समाधान पसरलं, खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला. अण्णा ते लहान नाणं घेऊन बाहेर आले, प्लास्टिकसकट, आणि आत्याच्या उशाशी वाकले. तिनं डोळे उघडले होते. तिला दिसलं होतं.

"काढ की भायेर," तात्या म्हणाले.

अण्णांनी ते उलटंपालटं केलं. कडेला नख लावून पाहिलं. ते तसं निघत नसतं, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पक्कं चिकटवलेलं असतं, हातोडीनं किंवा पकडीनं फोडावं लागतं. आई ओट्यावरून वरवंटा घेऊन आली. तिनं तो त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "फोडा." अण्णांनी वरवंटा घेतला नाही. ते नाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फोडलं तर..." पुढचं वाक्य ते बोललेच नाहीत. बोलायची गरजही नव्हती. त्या घरात चहा प्यायलेल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं.

मग त्यांनी जे केलं ते लिहिताना आज इतक्या वर्षांनी माझे कान तापतात. त्यांनी गडूतलं पाणी त्या प्लास्टिकवर ओतलं, बोटानं पुसलं, आणि ते तसंच आत्याच्या ओठांना लावलं. "आक्का, सोनं आहे बघ. आत आहे," म्हणाले. आत्यानं तोंड उघडलं. ती आयुष्यभर त्यांचं ऐकत आलेली, तेव्हाही तिनं ऐकलं. तो चौकोनी तुकडा तिच्या तोंडात जाणं शक्यच नव्हतं. त्याचा कोपरा तिच्या दातावर आपटला, टक असा आवाज झाला. तिची जीभ बाहेर आली आणि प्लास्टिकवरून फिरली, पुन्हा फिरली, काहीतरी शोधत असल्यासारखी. दारातल्या लॅबच्या माणसांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, कुणीतरी रडायला सुरुवात करा, भोंगा पुन्हा होऊ दे, काहीही होऊ दे, पण ही खोली एवढी शांत नको.

आई तोवर कुडी काढायला लागली होती. फिरकी अडकली होती, वर्षानुवर्षं काढलेली नसल्यानं. तिनं ती ओढून काढली, कानातून रक्त आलं, आणि ती अण्णांना बाजूला सारून कॉटपाशी आली. तिनं कुडी आत्याच्या जिभेवर ठेवली. काकूंनी आत्याच्या नाकापाशी हात धरला आणि मान हलवली. श्वास थांबलेला होता. कुडी आधी की श्वास आधी, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. आईनं मरेपर्यंत सांगितलं की कुडी आधी. तिनं ते इतक्या ठामपणे सांगितलं, की मला त्यावर कधी विश्वास ठेवता आला नाही.

अंत्यविधी झाला. परत आल्यावर अंघोळी होऊन माणसं ओसरीत बसली होती. अण्णा तात्यांना समजावून सांगायला लागले. मला वाटलं, आता गप्प बसतील, पण नाही. सील तुटलं की नंबर जातो, तो पुन्हा मिळत नाही, पुन्हा अमेरिकेला पाठवावं लागतं, शिवाय प्लास्टिकचे तुकडे तिच्या घशात गेले असते, त्या वेळी वरवंटा मारणं बरं दिसलं नसतं, असं एकामागून एक. शहाणा, शिकलेला, हिशेबी माणूस, आणि बोलत होता एखाद्या चुकार मुलासारखा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाले, "दिनकर, मंग ती नंबराची चीज तिला कबूल कशापायी केलीस? तिनं मागितली व्हती का?"

लाज म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात कळलं. दुःखाला लोक घरी येतात, पाठीवर हात ठेवतात. लाजेला कुणी येत नाही. दळणाच्या रांगेत मी गेले की बायका एकदम भाजीच्या भावावर बोलायला लागत. कॉलेजच्या एसटीत मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, यांच्यात माणसाला प्लास्टिक चाटवतात, आणि दुसरा हसला. मी उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला अण्णांची लाज वाटत होती, त्यांच्या टायची, त्यांच्या भिंगाची, ते जेवताना घास मोजून चावायचे त्याची. आणि या लाजेखाली आत्या दबून गेली होती. ती गेली म्हणून मला रडू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. तिचं मरण आठवलं की मला फक्त ती जीभ आठवायची, आणि मी घाईघाईनं दुसरं काहीतरी आठवायला लागायची. आजही तसंच होतं. तिचं शेंगोळं, तिची बोलणी, दारात उभं राहणं, हे सगळं आठवायचं असेल तर आधी त्या कॉटवरून जावं लागतं.

अण्णा बोलायचे थांबले ते तात्या गावी गेल्यावर. सुतकात लॅबला जायचं नव्हतं. ते खुर्चीवर बसून राहत. हळूहळू त्यांच्या मनात एक गोष्ट तयार झाली आणि नवव्या दिवशी ती त्यांनी आईला सांगितली. दहाव्याला कावळा शिवणार नाही, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आक्काची इच्छा राहिलीय, तिचा माझ्यावर राग आहे, ती पिंडाला शिवायची नाही. तेव्हा मी सगळ्यांच्या समोर ते नाणं फोडीन, नुसतं सोनं तिच्या पिंडाला लावीन आणि नदीत सोडीन. मग शिवेल. केमिस्ट माणूस, कावळ्याबिवळ्यावर आयुष्यात कधी विश्वास न ठेवलेला, पण हे तो अगदी लॅबमधल्या पद्धतीनं बोलत होता, आधी काय होईल, मग काय करायचं, मग काय होईल. आईनं विचारलं, खरंच फोडाल? ते म्हणाले, दगडानं फोडीन. मी दाराआडून ऐकत होते. ते तसं करणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा मोकळा श्वास घेता आला. लोक बघतील. ज्यांनी ते पाहिलं त्यांना हेही पाहू दे.

दशक्रियेला आम्ही प्रवरासंगमला गेलो. गावाकडची माणसं टेम्पोतून आली होती, कॉलनीतलेही बरेच जण होते, एवढे येतील असं वाटलं नव्हतं. तात्यांनी आधीच आजूबाजूला सांगून ठेवलं होतं की वेळ लागेल, कुणी घाई करू नका. उन्हाची सोय म्हणून काहींनी छत्र्या आणल्या होत्या. अण्णांचं मुंडण झालं. डोकं उघडं पडल्यावर ते एकदम आत्यासारखे दिसायला लागले, तीच कपाळाची ठेवण, तीच मान. गुरुजींनी पिंड मांडले. भात, वर दही, काळे तीळ. आईनं घरून तिच्या आवडीची बाजरीची भाकरी आणि शेंगोळं आणलं होतं, तेही पानावर ठेवलं. अण्णांनी नमस्कार केला, धोतराच्या कनवटीतून ते नाणं काढलं आणि घाटाच्या कडेचा, हातात मावेल असा एक दगड उचलला. सगळ्यांनी ते बघितलं. कुजबुज थांबली. मग गुरुजींनी सगळ्यांना मागे सरा म्हणून खूण केली.

आम्ही मागे सरकतोय तोवर कावळा आला. कुणी हाक मारली नव्हती. तो समोरच्या लिंबावरून सरळ उतरला, एकदाही इकडेतिकडे न बघता पिंडाला शिवला, भाकरीचा तुकडा उचलला आणि उडाला. त्याच्यामागून आणखी दोनतीन आले. गर्दीतून सुटल्यासारखा आवाज आला. बायकांनी हात जोडले. समाधानी गेली म्हातारी, कशातच जीव अडकला नव्हता हो तिचा, असं जो तो म्हणायला लागला. तात्यांनी डोळे पुसले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, अंत्यविधीच्या दिवशीच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच. लोक मोकळे झाले, छत्र्या मिटल्या, जेवणाच्या पंगतीची बोलणी सुरू झाली. आमच्या घराला लागलेला डाग त्यांच्या लेखी तिथेच धुऊन निघाला असावा.

अण्णा तिथेच उभे होते. एका हातात नाणं, एका हातात दगड. आता ते फोडायचं काही कारणच उरलं नव्हतं. मला वाटलं, तरी फोडतील. मी मनात म्हणत होते, फोडा अण्णा, फोडा. त्यांनी दगड जरा वर उचललाही. पण आत्याला ते नको होतं. तिनं मागितलंच नव्हतं, आणि जे कबूल झालं होतं तेही तिनं सोडून दिलं होतं, रागवायलासुद्धा थांबली नव्हती. ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उघडा पडला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते त्या पिंडाशी, कावळे अजून तिथे असतानाच, मटकन खाली बसले.

"आक्का," ते म्हणाले, "थोडं तरी थांबायचं व्हतं गं."

पुण्याला शिकायला गेल्यापासून त्यांनी गावाकडची बोली सोडली होती, आम्ही ती त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. आई पुढे गेली. तिचा एक कान अजून बोडका होता, भोकावर खपली धरलेली. तिनं त्यांच्या हातातला दगड काढून घेतला आणि घाटावर होता तिथे ठेवला. नाणं त्यांनी तसंच मुठीत धरलेलं होतं, ते तिनं मागितलं नाही.